राहीचं वजन

२०२२ सालची ही गोष्ट. मे संपत आला होता. वेळणेश्वराच्या वरच्या अंगाला डोंगरात जी वाडी आहे, तिथल्या शाळेच्या व्हरांड्यात मृणाली जुनं दाखल-खारीज रजिस्टर मांडीवर घेऊन बसली होती.

मृणाली मूळची सावर्ड्याची. तीस वर्षं तिने एकच काम केलं. गावोगाव फिरून शाळेच्या वयाची मुलं खरोखर कुठे असतात ते शोधायचं, लिहायचं, आणि तो कागद घेऊन सरकारदरबारी भांडायचं. बारा वर्षांपूर्वी याच भागाचा अहवाल तिने लिहिला होता: 'इथे बालविवाह होत नाहीत.' शाळांचे दाखले तपासून लिहिलं होतं. मुंबईत त्याचं मोठं कौतुक झालं, शाल मिळाली. आता पुन्हा तीच पाहणी करायला ती आली होती, आणि २०१० सालचं पान बघून तिच्या कपाळाला आठी पडली होती. सतरा मुलं होती. त्यातल्या अकरा जणांचा जन्म एक जूनचा.

वाडीतल्या सगुणाताई जन्मभर अंगणवाडीत होत्या, आता घरी बसल्या होत्या. मृणाली त्यांच्या अंगणात गेली तेव्हा त्या कोकमासाठी रातांब्याची सालं उन्हात पसरत होत्या.

"ताई, तुमच्या वाडीत एक जूनला एवढी बाळंतपणं कशी हो?"

"त्या दिवशी सुईण जेवली नसेल बघा मॅडम!" सगुणाताई खळखळून हसल्या. "जन्मतारीख कोण लिहून ठेवतंय? शाळा जूनला उघडते, गुरुजी एक जून टाकतात. सगळीकडे तसंच."

"आणि साल?"

सगुणाताईंचं हसू जरा आखडलं. "साल अंदाजाने."

तेवढ्यात शेजारच्या रघूची मुलगी, राही, सुपात आणखी सालं घेऊन आली. बारावीला सायन्स घेतलेलं, निकालाची वाट बघत होती. बारा जूनला तिचं लग्न ठरलं होतं. मुलगा जहाजावर खलाशी, सुट्टी संपायच्या आत उरकायचं होतं.

"हिला शिरगावला मासळीचं शास्त्र शिकायचंय," सगुणाताई म्हणाल्या. "बापूस म्हणतो, मासे खायचे असतात, शिकायचे कशाला!"

राही हसली नाही. सूप खाली ठेवून तिने मृणालीला विचारलं, "बाई, लग्नाला नाही कधी म्हणता येतं?"

"केव्हाही."

"मी म्हटलं. पण आबा म्हणतात, एक जूनला तू अठराची होतेस, आता कोणी अडवायचं नाय."

मुलगी गेली. सगुणाताईंचे हात सालांवरच थांबले होते. मृणाली आपण कुठे उतरलोय ते सांगून उठली.

दुसऱ्या दिवशी सकाळी, ती उतरली होती त्या घरी, सगुणाताई स्वतःच चालत आल्या. काखेत फडक्यात बांधलेलं एक रजिस्टर होतं. वजनांचं. ट्रंकेतून काढलेलं, कडा वाळवीने खाल्लेल्या. त्यांनी बोट ठेवलं त्या ओळीत लिहिलं होतं: राही, २७ जुलै २००५, एक किलो नऊशे.

"सव्वीस जुलैचा तो पूर. चिपळूण बुडालेलं, रस्ता नाही. दुसऱ्या दिवशी ही झाली, घरातच. मीच वजनकाट्याच्या झोळीत घातली हिला. मूठभर जीव. नोंद करायला ग्रामपंचायतीत कोणी गेलंच नाही."

"आणि शाळेत २००४ लागलं."

"पट कमी पडत होता. एक पोर कमी झालं असतं तर शाळा बंद. आप्पा गुरुजी म्हणाले, सगुणाबाई, हिला सहाची करूया. मीच अंगणवाडीची बाई, मीच सांगितलं सहाची म्हणून. शाळा वाचली म्हणून आम्ही पेढे वाटले हो." त्यांनी डोळ्यांना पदर लावला. "आता माझी अब्रू जाईल ती जाऊ दे. पण गुरुजींचं नाव..."

मृणालीला आपली शाल आठवली. तिच्या अहवालात राहीही होती, सहा वर्षांची म्हणून मोजलेली. "ताई, खोटं तुम्ही एकदा सांगितलंत. मी ते छापलं," ती म्हणाली. "चला, गुरुजींकडेच जाऊ."

गुरुजी गुहागरला लेकाकडे होते. वय एकोणसत्तर. रजिस्टरवरची ओळ त्यांनी भिंगातून दोनदा वाचली, आणि काठी मागितली. "रिक्षा आहे ना बाहेर?"

रघूच्या अंगणात मांडवाचे वासे येऊन पडले होते. गुरुजींना बघून रघू धावत पाया पडायला आला, पण मागून मृणाली दिसली तसा ताठला.

"गुरुजी, दाखला तुमच्याच सहीचा हाय."

"सही माझी. खोटंही माझंच. तुझ्या पोरीला मी चौदा महिन्यांनी मोठी केली रे. ते चौदा महिने परत द्यायला आलोय."

"पोरगी माझी, मला ठाऊक नाय काय?"

"कुठून ठाऊक?" सगुणाताई कडाडल्या. "तू तेव्हा भांडुपला. गणपतीला आलास नि पोर बघितलीस!"

गुरुजींनी ओट्यावर बसून सगळं कागदावर लिहिलं आणि सही केली. "हा कागद मी ग्रामसेवकाला देणार, बालविवाह अडवायचं काम त्याचंच. त्याने मला तुरुंगात घातलं तर डबा तू आणायचास."

रघू वाशांकडे बघत राहिला. "पाहुण्यांना काय सांगू?"

"सांग, मास्तरचं गणित चुकलं."

दारात राही उभी होती. रघूने तिच्याकडे बघितलं. मग एक वासा उचलून खांद्यावर घेतला. "ज्यांचे आणले त्यांना परत देऊन येतो," म्हणाला, आणि निघाला.

गुरुजींना तुरुंग झाला नाही. ग्रामसेवकाने कागद घेतला आणि त्यांना चहा पाजला. दोन वर्षांनी ते झोपेतच गेले. शाळेच्या पटांगणात शोकसभा झाली. शाळा अजून चालू आहे. त्या खलाशाने पुढच्या हंगामात लग्न केलं, आणि त्याच्या पत्रिकेवर रघूचं नाव आग्रहाने घातलं होतं. रघू आता येईल त्याला सांगतो की आपली मुलगी माशांची डॉक्टर होणार. तसं काही नसतं हे त्याला कोणी सांगत नाही.

मृणालीने जुन्या अहवालातली चूक स्वतःच्या नावाने छापली. नव्या अहवालात पहिले आभार सगुणाताईंचे आहेत. तिच्या पाहणीच्या फॉर्मवर वयाच्या शेजारी तेव्हापासून एक नवा रकाना असतो: जन्म कोणी पाहिला? त्या रकान्याने आजवर बरीच लग्नं पुढे ढकलली. अशी बाई आपल्याला वेळेवर भेटली, असं ती प्रत्येक भाषणात सांगते, आणि सगुणाताईंना ते मुळीच आवडत नाही.

राही शिरगावला शिकते. दाखल्यावरची तारीख बदलायचा अर्ज अजून कुठल्याशा टेबलावर आहे, त्यामुळे कॉलेज तिला एक जूनला शुभेच्छा देतं. पण सत्तावीस जुलैला ती न चुकता सगुणाताईंना फोन लावते. सगुणाताई तिकडून एकच विचारतात.

"वजन किती गो?"