जावयाचं वाण

जुईचं लग्न दोन हजार सहाच्या मे महिन्यात पुण्याला झालं आणि पुढच्याच वर्षी अधिक महिना आला. लग्नानंतरचा पहिलाच अधिक, म्हणजे जावयाला वाण द्यायला हवं. जुईची आई शैलाबाई तेव्हा मुलाकडे, अंबरीशकडे, हॉलंडमधल्या टिलबर्गला आल्या होत्या, म्हणून त्यांनी अनारशांचा घाट तिथेच घातला. भारतात जाणाऱ्या कुणाबरोबर तरी ते पाठवायचे होते.

सून संहिता गोदामातलं काम आटोपून सायकलवरून घरी आली, तेव्हा स्वयंपाकघरात धूर कोंडला होता आणि छताचा भोंगा नुकताच ओरडून गप्प झाला होता.

“हसले गं सगळे!” शैलाबाई कढईकडे बघत म्हणाल्या. अनारसे तुपात विरघळून त्यांची नुसती जाळी तरंगत होती. “इथला तांदूळच मेला बेइमान.”

“तांदूळ नाही, आई. गूळ जास्त झालाय.”

“जावयाचं वाण आहे. गोडात कसूर कशी करणार?”

जेवणाच्या टेबलाशी अंबरीश रंगीत माहितीपत्रकं पसरून बसला होता. त्याने मान वर केली नाही. “संहिता, जरा बस. क्रेडिट कार्ड कुठलं घ्यायचं ते ठरवू.”

जावयाला, श्रीकांतला, वाण म्हणून गाडी हवी होती. त्याने तोंडाने मागितली नव्हती. लग्नाच्या वेळीसुद्धा त्याच्या घरचे म्हणाले होते, आम्हाला काही नको, तुमच्या मुलीला काय द्याल ते द्या. हे ‘काही नको’ फार महाग पडतं. अंबरीशने हॉलंडमध्ये कर्ज काढून कार्यालय आणि दागिने केले. दिवाळसणाला त्याचं कार्ड पुरेना, तेव्हा संहिताच्या नावाने दुसरं काढलं. तिने न वाचता सही केली. बाईने कागद वाचायला मागणं म्हणजे नवऱ्यावर अविश्वास दाखवणं, अशीच तिला शिकवण होती. मग अंबरीशचं काम सुटलं, नवं मिळेपर्यंत काही महिने गेले, हप्ते चुकले. त्या देशात हप्ते थकले की कर्जनोंदीत नावापुढे खूण पडते आणि वर्षानुवर्षं पुसली जात नाही. नवरा-बायको दोघांच्याही नावापुढे ती पडली होती.

“बँका आपल्याला दारात उभं करणार नाहीत,” अंबरीश म्हणाला. “ही एक एजन्सी आहे. रेकॉर्ड बघत नाही. फक्त तुझी सॅलरी स्लिप आणि सही.”

“व्याज?”

“जास्त आहे. पण चॉइस कुठे आहे?”

“नवग्रहांची निदान शांत करता येते,” संहिता म्हणाली. “ह्या दहाव्या ग्रहाचे हप्तेच भरायचे!”

“सूनबाई, जीभ आवरा,” शैलाबाई म्हणाल्या. “माझी लेक आहे त्या घरात.”

त्या लेकीचाच दुसऱ्या दिवशी फोन आला. संहिता जेवणाच्या सुट्टीत गोदामाबाहेर उभी होती.

“वहिनी, गाडी देऊ नका.” जुई हळू आवाजात, भराभर बोलत होती. “दिलीत तर दिवाळीला फ्लॅट मागतील. मला फक्त आपल्या पुण्याच्या घरात राहू द्या. मी गेल्या आठवड्यात नाशिकहून तिथे गेले होते.”

“मग? किल्ली शेजारच्या जयंतीकाकूंकडे आहे ना?”

“काकूंनी चहा दिला, किल्ली नाही दिली. त्यांनी आईला फोन केला, आणि आईने इकडे सासरी. संध्याकाळी श्रीकांत येऊन घेऊन गेला. घरी आल्यावर...” ती थांबली. “वहिनी, तुम्ही आईला सांगा ना. नुसतं ‘किल्ली दे’ एवढं म्हणायचंय तिने.”

संहिताचे स्वतःचे आईवडील राहिले नव्हते. नाहीतर तिने जुईला तिकडेच पाठवलं असतं.

त्या संध्याकाळी तिने विषय काढला.

“तो मारतो तिला, आई. तुम्हाला माहीत होतं?”

शैलाबाईंनी पदराने डोळे टिपले. “माहीत आहे. म्हणून तर गाडी द्यायची. शांत होईल तो.”

“जयंतीकाकूंना फोन करा. दार उघडायला सांगा.”

“ऐन अधिकात लेक घरी बसवू? लग्नाला धड वर्ष झालं न झालं! सोसायटीत कुणाकुणाला उत्तर देऊ मी?”

“अंबरीश, तू तरी बोल.”

अंबरीशने फॉर्म तिच्यापुढे सरकवला. “आधी गाडीचं मिटवू. मग शांतपणे बघू.”

“मी सही करणार नाही.”

“तिचं काही बरंवाईट झालं तर?”

सही नाही केली तर तो जुईला मारणार, केली तर मारण्याची किंमत वाढणार. तिने पेन उचललं, खाली ठेवलं आणि पुण्याला जयंतीकाकूंना स्वतः फोन लावला.

“शैलाताईंनी सांगू दे गं,” काकू म्हणाल्या. “दुसऱ्यांच्या घरात मी कशाला वाईट होऊ?”

तेव्हा तिने ठरवलं, दार आपणच जाऊन उघडायचं. पण पगार पडे तो नवऱ्याबरोबरच्या जोडखात्यात, आणि तिथे पडलेला पैसा हप्तेच गिळत. ती बँकेत गेली. समोरच्या मुलीने नाव टाकलं, पडदा बघितला आणि ओशाळून म्हणाली, “उधारीचं कार्ड नाही देता येणार, मॅडम. पण एक मिळेल. तुम्ही भराल तेवढंच वापरायचं. पोस्टाने येईल, थोडे दिवस लागतील.”

“द्या,” संहिता म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा तिने कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचला आणि मग सही केली. मालकाला सांगून उन्हाळी सुट्टीचा भत्ता त्यावर वळवला. घरात कुणी तिच्याशी बोलत नव्हतं. शैलाबाई ताट वाढत, पण तिच्याकडे न बघता. जुईचा फोन आता लागत नव्हता. संहिता रोज आल्या आल्या दारातलं टपाल उचलून बघे.

कार्ड सोमवारी आलं. तिने गुरुवारच्या विमानाचं तिकीट काढलं आणि ते उघडपणे टेबलावर ठेवलं.

अंबरीशने ते वाचलं. “गाडीचं काय?” त्याने विचारलं.

दुसऱ्या दिवशी नाशिकहून फोन आला. शैलाबाईंनी घेतला, ऐकला आणि तसाच अंबरीशच्या हातात दिला.

गुरुवारी तिघेही निघाले. नाशिकच्या पोलीस ठाण्यात संहिताने जबाब दिला. सासरच्यांची नावं सांगितली. मग हवालदाराने न विचारताच तिने जुईच्या माहेरच्यांचीही सांगितली, नवऱ्याचं, सासूचं आणि जयंतीकाकूंचं. “दिवाळसणाच्या कार्डावर माझी सही आहे,” ती म्हणाली, “माझंही लिहा.”

“अहो, हा काही गुन्हा होत नाही,” हवालदार म्हणाला.

“म्हणूनच लिहा.”

अंबरीश शेजारी बसला होता. त्याने तिला थांबवलं नाही.

लेकीला सासरी पाठवताना आपण दारापर्यंत जातो, आणि ती माघारी वळली की तेच दार लावून घेतो. कुठलाही कायदा हे दार उघडू शकत नाही. ते आतूनच उघडावं लागतं.

जुई नाशिकला सासरच्या इमारतीच्या गच्चीवरून पडून मंगळवार, १२ जून २००७ रोजी दुपारी वारली. ती चोवीस वर्षांची होती.