डबीतला चिंचोका

बन्सीधर बैलगाडीतून उतरताना दिसला आणि शिवमूर्तीचा हात गळ्यातल्या डबीकडं गेला. पेडगावच्या किशनरावांचा हा लेक हैदराबादेत विद्यापीठाच्या वसतिगृहात त्याच्याच खोलीत राहायचा. सुट्टीत तरी या नालायकाचं तोंड दिसू नये, एवढीच शिवमूर्तीची इच्छा होती. आणि तो थेट गावात, वालुरात, शिवमूर्तीच्या वडिलांच्या, अप्पांच्या दुकानासमोर येऊन उभा!

घरच्यांना विद्यापीठ म्हणजे दगडी इमारती, काळ्या शेरवान्या आणि उर्दूतून धडाधड बोलणारे प्रोफेसर, एवढंच ठाऊक. वसतिगृहात पोरं एकमेकांचा जीव कसा खातात, ते कुणी पाहिलंय? जेवणाआधी लिंगायत घरातला शिवमूर्ती जन्मल्यापासून गळ्यात असलेलं इष्टलिंग तळहातावर घेऊन पूजा करी आणि भिंतीकडे तोंड करून जेवी. त्यावरून रोज टोमणे, आणि टोमण्यांत बन्सीधर सगळ्यांच्या पुढं. यंदा तर त्यानं कहर केला. शिवमूर्तीचा दुपारी डोळा लागला असताना गळ्यातली चांदीची डबी उघडून आतलं लिंगच पळवलं. लिंग अंगावर नसेल तर अन्नाला शिवायचं नाही, हा घरचा दंडक. शिवमूर्ती तीन दिवस उपाशी राहिला, पोरांच्या हातापाया पडला. कुणाला पाझर फुटला नाही. चौथ्या दिवशी भुकेनं आंधळा होऊन तो सगळ्यांच्या पंगतीत बसला, तेव्हा पोरांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या तो मरेपर्यंत विसरणार नव्हता.

डबी रिकामी लागू नये म्हणून तेव्हापासून तीत चिंचोका होता. अप्पांना कळलं तर बी.ए.चं शेवटचं वर्ष बुडालंच. धर्म सोडून शिक्षण नको, हे त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

बन्सीधरनं खिशातून रुमालाची पुरचुंडी काढली. "घे बाबा, तुझं लिंग. मस्करी लय झाली. मला झोप लागंना."

महालिंगअप्पा गादीवरून उठले. "तुझं हाय का रं हे?"

"न्हाई अप्पा. माझं गळ्यात हाय की." शिवमूर्तीनं डबी मुठीत घट्ट धरली. "ह्याचं काय ऐकता? हा लय खोटारडा हाय."

बन्सीधर बघतच राहिला. मग तोंड वाकडं करून हसला. "बरं. न्हाई तर न्हाई." पुरचुंडी अप्पांच्या हातात देऊन तो गाडीत जाऊन बसला.

अप्पांनी लिंग अंगठ्यानं हळूहळू फिरवून पाहिलं, कपाळाला लावलं. "बेवारस लिंग घरात ठेवू न्हाई. चल बारवेवर. तूच सोड पाण्यात."

शिवमूर्ती बारवेच्या पायऱ्या उतरला. पाण्यापाशी त्यानं एकदा मागं वळून पाहिलं. अप्पा वरच्या पायरीवर नुसते उभे होते. अखेर त्यानं डोळे मिटून मूठ उघडली.

"दात येताना चावला व्हतास त्याला," अप्पा म्हणाले. "बाजूला वरच्या लेपाचा टवका उडालाय. हातात घेतलं तवाच वळखलं मी."

शिवमूर्तीनं पाण्यात हात घातला, पण लिंग तळाला गेलं होतं.

"लिंग दुसऱ्याकडं आन् तू जित्ता, म्हंजे जेवलास. भुकंपायी जेवलास त्ये पोटात घातलं असतं. परत हैदराबादेला धाडलं बी असतं. पर मी तोंडावर इचारलं, तवा माझं न्हाई म्हणालास. हितं पाण्यापातुर वाट बघितली तुझी."

ते खाली उतरले. लेकाच्या गळ्यातली डबी उघडून चिंचोका काढला आणि त्याच्या ओल्या तळहातावर ठेवला.

"धर. ह्याची पूजा कर आन् उद्यापासून दुकानात बस."