गोळा पन्नासचा, सही कोणाची?

चरोद्याच्या रेल्वे यार्डात शेषरावांनी चौतीस वर्षं वॅगनला वॅगन जोडली. एवढ्या वर्षांत त्यांनी जोडलेली गाडी वाटेत तुटली, असं एकदाही झालं नाही; निदान त्यांची पाळी संपेपर्यंत तरी नाही, आणि पाळीनंतर काय होतं ते पाहायला ते थांबत नसत. त्यामुळे सुनेनं जीपमागे ओढायला नाश्त्याचा ट्रेलर आणला, तेव्हा जोडणीचं खातं त्यांनी परस्पर स्वतःकडे घेतलं. त्यांना कोणी विचारलं नव्हतं. रिटायर माणसाला विचारावं लागत नाही.

सुनेचं, म्हणजे हर्षाचं, म्हणणं साधं होतं. रसमड्याच्या एका कारखान्यातल्या ठेकेदारानं सोमवारी सकाळी सातला एकशेवीस कामगारांना तर्री-पोहा खाऊ घालून दाखवायला सांगितलं होतं. वेळेत पोचली तर फाटकाजवळची जागा तिची. नाही पोचली तर समोसेवाल्याची, आणि तो आतापासूनच त्या जागेकडे प्रेमानं बघत होता. नवरा कमलेश स्टील प्लांटमध्ये, सोमवारी त्याची पहिली पाळी. म्हणजे जीप हर्षानंच चालवायची, आणि मागे सिलिंडर, पाणी, पातेली धरून नऊशे किलो.

ट्रेलरच्या पुढच्या जबड्यावर, ज्याला कपलर म्हणतात, पन्नास मिलिमीटर असं कोरलेलं होतं. ते तिनं वाचलं. मग तो जबडा जीपमागच्या ज्या लोखंडी गोळ्यावर बसतो, तो गोळाही पन्नासचाच हवा, तो किती वजन ओढू शकतो हे त्याच्यावर कोरलेलं हवं. जीप उंच आणि ट्रेलर बुटका, म्हणून गोळा ज्यावर बसतो ती दांडी चार इंच खाली उतरलेली हवी, म्हणजे ट्रेलर सपाट चालेल. आणि साखळ्या दोन, त्यातली एकटी कोणतीही अख्खा ट्रेलर धरून ठेवेल अशा. रायपूरच्या एका दुकानात हे सगळं मिळत होतं. हे तिनं घरात मोठ्यानं सांगितलं, तिथं चुकलं.

"साठ वॅगनचा रेक जोडला मी," शेषराव म्हणाले. "अन् हे डबडं जोडाले तू रायपूरहून गोळा आणून राहिली?"

शेजारचे शालिकराम प्लांटच्या मशीन शॉपमधून रिटायर झालेले. सुरक्षेची तीन बक्षिसं त्यांच्या नावावर होती; तिन्ही वेळा स्टीलचे ग्लास मिळाले होते. त्यांनी सुपेल्यात ओळखीच्या लेथवर एका जुन्या शाफ्टचा गोळा काढून दुसऱ्याच दिवशी आणून दिला. सुंदर गोळा. चकचकीत. मापानं अठ्ठेचाळीस. दोन मिलिमीटर कमी का, असं हर्षानं विचारलं, तर त्यांनी समजावलं की लोखंडालाही श्वास घ्यायला जागा लागते. हर्षाला तो गोळा जबड्यात बसलेल्या पाहुण्यासारखा वाटला: आत आहे, पण पहिल्याच स्पीडब्रेकरला उठून जाईल.

साखळी शेषरावांनी दिली. अंगणाच्या फाटकाची, आणि एकच. दुसरी लावली तर पहिलीवर अविश्वास दाखवल्यासारखं होतं, असं त्यांचं मत होतं. ती ताणूनच बांधायची, कारण ढिली जोडणी म्हणजे झटका, हे यार्डातलं पोरगंही सांगेल. ताणून बांधली तर जीप वळताना काय होईल, असं हर्षानं विचारलं. चौतीस वर्षांत हा प्रश्न शेषरावांना कोणी विचारला नव्हता.

"वळवाचं काम रुळाचं असते," ते म्हणाले.

सासूबाई, बेबीताई, यांनी त्या गोळ्यावर लिंबू-मिरची बांधली. सगळ्या जोडणीत पक्की अशी तेवढीच एक गोष्ट होती.

हर्षाला या घरात नऊ वर्षं झाली होती. इथं वाद घालून कोणी वाद जिंकत नाही, हे तिला ठाऊक होतं. गुरुवारी संध्याकाळी तिनं दोघांपुढे चहा ठेवला आणि सोबत एक कागद. गोळ्याचं माप, त्यावर कोरलेलं वजन, साखळीची ताकद, गाडी सुटण्याची वेळ सहा पाच, आणि खाली, "वरील सर्व तपासले. गाडी रस्त्यावर नेण्यास योग्य आहे. नाव, हुद्दा, सही."

"मामाजी, कागदाबिगर यार्डातून गाडी सुटत नाई म्हणता ना तुमी," ती म्हणाली. "मंग यावर सही देऊन द्या. काई झालं तं पोलिसाले दाखवाले बरं."

शेषरावांनी चष्मा लावला. कागद दोनदा वाचला. मागची बाजू कमी धोक्याची आहे का, तेही पाहिलं. मग त्यांनी सांगितलं की तपासणी करणारं खातं वेगळं असतं, त्यांचं काम फक्त जोडायचं. कागद शालिकरामांकडे गेला. त्यांनी मंजूर झालेलं ड्रॉइंग मागितलं. ड्रॉइंग नव्हतं, तेव्हा मशीन शॉप सही करू शकत नाही, असं मोठ्या दुःखानं सांगून त्यांनी कागद परत सरकवला. चहावर साय धरेपर्यंत तो कागद टेबलावर इकडून तिकडे शंटिंग करत राहिला.

शेवटी शेषरावांनी आवाज खाली आणून विचारलं, "या फाटकाच्या साखळीवर किती वजन लिहून आहे?"

"काईच नाई लिहून," हर्षा म्हणाली.

"मंग या रकान्यात मी काय भरू?"

"तेच तं मले समजून नाई राहिलं, मामाजी."

शुक्रवारी सकाळच्या लोकलनं शेषराव स्वतः रायपूरला गेले. पन्नासचा गोळा, चार इंच उतरलेली दांडी, खटक्याच्या हुकांच्या दोन साखळ्या असं सगळं घेऊन परतले, आणि ही कल्पना मूळची आपली, अशा चेहऱ्यानं त्यांनी ते अंगणात मांडलं. शालिकरामांनी कोरलेला आकडा वाचला आणि आपला गोळा नमुन्यादाखल होता, असं जाहीर केलं.

रविवारचा अख्खा दिवस मैदानात गेला. साखळ्या ट्रेलरच्या मानेखाली एकमेकींवरून फुलीसारख्या टाकल्या; गोळा सुटलाच तर मान जमिनीत न रुतता त्या झोळीत पडावी म्हणून. शेषरावांनी सुनेला जीप पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे वळवायला लावली आणि स्वतः वाकून शेजारून चालत राहिले. पहिल्यांदा साखळी ताणली गेली. दुसऱ्यांदा जमिनीवर घासली. तिसऱ्यांदा जमली, तरी त्यांनी चौथ्यांदा वळवायला लावलं. मग गुडघे झाडले आणि सही केली. लग्नाच्या वेळी यांनी एवढा विचार केला नव्हता, असं बेबीताई म्हणाल्या.

सोमवारी सहाला सगळं तयार होतं. पण कागदावर सहा पाच लिहिलेलं, म्हणून शेषरावांनी गाडी सोडली नाही. इंजिन चालू, पोहा भिजलेला, हर्षा दात आवळून बसलेली, आणि हे शेजारच्या सीटवर घड्याळ धरून. सहा पाचला त्यांनी हात हलवला. सुपेल्याच्या प्रत्येक स्पीडब्रेकरवर ते खिडकीबाहेर अर्धे लोंबकळत मागे बघायचे आणि कळवायचे, "आहे." दुर्ग संपेपर्यंत ट्रेलर होता. सहा पन्नासला तो रसमड्याला फाटकासमोरही होता.

साडेआठला पातेली रिकामी झाली. ठेकेदारानं दात कोरत सांगितलं की उद्यापासून रोज या, रविवारीही. हर्षाचा चेहरा उजळला. शेषरावांचा नाही.

"रोज?"

"रोज, मामाजी."

"अन् सही?"

"ते बी रोजच करा लागन."

रिटायर होऊन त्यांना आठ वर्षं झाली होती. त्यांनी वाकून फुली घातलेल्या साखळ्या एकदा ओढून पाहिल्या.

"मंग पाळी संपल्यावर मले सोडवाले रिलीव्हर कोण देऊन राहिली तू?" त्यांनी विचारलं.