आत घेतलेले पावणे

मित्रांनो, माझ्यासमोर जरा जपून बोला. मी शाहूपुरीतल्या शालूबाईंचा जुना मोबाइल आहे. काचेला तडा गेलाय, बॅटरी जेमतेम दुपारपर्यंत टिकते; पण माझे कान शाबूत आहेत, आणि ते माझ्या एकट्याचे नाहीत.

कुठल्याशा कारखान्यात माझे भाग जोडले आणि दुकानातून मी शालूबाईंच्या खानावळीत आलो. त्यांनी मला हळदकुंकू वाहिलं. डब्याच्या ऑर्डरी माझ्यावरच यायच्या. "लई गुणाचा हाय," असं त्या गिऱ्हाइकांना सांगायच्या, तेव्हा मी फुगून जायचो.

पण त्यांची एक सवय मला खटकायची. नवं ॲप उघडलं की पडद्यावर प्रश्न यायचा : तुमचं ठिकाण पाहू का? तुमचे नंबर पाहू का? सून अनुजा म्हणायची, "आत्या, नको म्हणा की."

"दारात आलेल्या पावण्याला न्हाय कसं म्हणायचं गं?" असं म्हणत सासूबाई 'परवानगी द्या' दाबायच्या.

मला त्या पाहुण्यांचा पहिल्यापासून संशय होता. ते चपला न काढता आत यायचे आणि परत जायचं नावच घ्यायचे नाहीत.

यंदा शालूबाईंना कमी ऐकू येऊ लागलं. भाकरी सांगितली तर चपाती जायची. हे फक्त अनुजाच्या लक्षात आलं. "धैर्यशीलला बोलू नगंस. खानावळ बंद करायला लावंल त्यो," त्यांनी तिला बजावलं. धैर्यशील त्यांचा मुलगा, शिरोली एमआयडीसीत कामाला. मग एका दुपारी दार लावून त्यांनी मलाच विचारलं, "कानानं कमी ऐकू येतंय, काय करायचं?"

मी उत्तरं दाखवली. पाहुण्यांनीही ऐकलं. घरातलं वायफाय एकच. त्यामुळे धैर्यशीलच्या फोनवरही कानाच्या मशीनच्या जाहिराती येऊ लागल्या.

"आई, तुला ऐकू येईना झालंय व्हय?" त्याने जेवताना विचारलं.

शालूबाईंनी रागाने सुनेकडे पाहिलं. "तूच सांगितलंस!"

"न्हाय वं आत्या, शप्पथ!"

पण दुसऱ्या कुणाला माहीत होतं? अनुजा रडत हातकणंगल्याला माहेरी गेली. चहाडखोर कोण ते मला ठाऊक होतं, पण सांगणार कसं? मला फार वाईट वाटलं.

मग एक अनोळखी नंबर वाजला. शालूबाईंनी स्पीकर लावला.

"मावशी, कानाचा त्रास आहे ना? आमचं मशीन घ्या."

"तुला कुणी सांगितलं रं?"

"आमच्याकडं माहिती येते."

शालूबाईंनी कॉल कापला. या परक्या माणसाला अनुजा कशाला सांगेल? त्यांनी मला हातातून खाली ठेवलं, लांबून निरखलं आणि मग पुन्हा उचलून सुनेला फोन लावला. "चुकलं माझं, पोरी. घरला ये की." अनुजा काय म्हणाली ते त्यांना नीट कळलं नाही. मला कळलं. ती "येते" म्हणाली.

आता अनुजा घरी आहे. काल पडद्यावर पुन्हा प्रश्न आला : मायक्रोफोन वापरू का? "भाईरच थांबा, पावणं!" शालूबाई ओरडल्या आणि त्यांनी 'नाही' दाबलं.

मित्रांनो, दारातल्या माणसाला खुशाल जेवू घाला, पण पडद्यावरच्या पाहुण्याला आधी त्याचं काम विचारा. शालूबाईंनी आता दार लावलंय खरं; पण आधी आलेले अजून आतच बसलेत.