बदनाम झालेले ऑक्सिजन यंत्र

मित्रांनो, मी एक जुने ऑक्सिजन यंत्र आहे. मलावी देशाच्या उत्तरेला, डोंगराकडच्या एका दवाखान्यात, मुलांच्या खोलीच्या दाराशी मी घुरघुरत उभा असतो. हवेतून प्राणवायू वेगळा काढायचा आणि नळीने लेकराच्या नाकात सोडायचा, एवढेच माझे काम. दिसायला म्हणाल तर चाके लावलेली पेटी. रूपाचे कौतुक माझ्या वाट्याला कधी आले नाही.

दूरच्या कारखान्यातून जहाजाने आणि मालमोटारीने धक्के खात मी इथे पोहोचलो. वाटले होते, आया मला डोक्यावर घेतील. झाले उलटेच. मला पाहिले की त्या लेकराला उराशी धरून भिंतीकडे तोंड फिरवायच्या. त्यांनी मला ‘नेणारा’ असे नावच ठेवले होते.

त्याच सुमारास डॉक्टर तोवेरा न्यिरेंडा आल्या. याच भागातल्या, अत्यवस्थ मुलांवरचे उपचार शिकून नुकत्याच परतलेल्या. एके सकाळी तियेसे नावाची बाई आपल्या लहानग्या लुसुंगूला पाठीशी बांधून आली. न्यूमोनियाने पोरीच्या बरगड्या आत ओढल्या जात होत्या, ओठ निळसर झाले होते. डॉक्टरांनी मला ढकलत आणले, तशी तियेसे उठून उभीच राहिली.

“हे नको, डॉक्टरबाई. औषध द्या, सुई टोचा. हे लावून घरी गेलेलं एक तरी पोर दाखवा मला.”

“लुसुंगूची आई, ऐका. श्वास घेऊन घेऊन ती दमून जाईल.”

“काल त्या खाटेवरच्या बाळाला लावलंत. त्याची आई रिकाम्या पाठीने घरी गेली. या डोळ्यांनी बघितलंय मी.”

खोटे काय होते त्यात? दवाखान्यात असे यंत्र मी एकटाच. जे लेकरू हाताबाहेर गेले त्यालाच मला लावायचे, अशी तिथली जुनी रीत. मला बोलवायचे शेवटी आणि खापरही माझ्याच माथी.

मग डॉक्टरांनी एक नळी स्वतःच्या नाकात घातली आणि त्या तियेसेशेजारी जमिनीवर बसल्या.

“बघा, मेले का मी?”

“तुम्ही धडधाकट. तुम्हाला काय धाड भरलीय?”

“तुमची लुसुंगूही अजून तग धरून आहे. म्हणून तर आत्ताच लावू म्हणते. कालच्या बाळाला आम्ही उशिरा लावलं. चूक आमची, याची नाही.”

तियेसेने दुसरी नळी हातात घेऊन नाकाशी धरली. “नुसता वारा आहे की,” ती म्हणाली. “लावा. पण तिचा हात मी सोडणार नाही.”

लुसुंगूच्या ओठांवर हळूहळू रंग परतला. पुढे ती न्सिमाचा, म्हणजे मक्याच्या उकडीचा, घास मागू लागली. घरी जाताना तियेसेने आपल्या कापडाने मला पुसले. मी यंत्र खरा, पण मला भरून आले.

त्यानंतर धाप लागलेले लेकरू दारात आले की आधी मला बोलावू लागले. डॉक्टरांना मात्र देशोदेशीचे दवाखाने शिकवायला बोलावू लागले. म्हणे, निर्वासितांच्या तंबूतही त्या आधी स्वतःच्या नाकात नळी घालून बसत. इकडे हवा गाळणारी माझी जाळी कोणी धुईना. धुळीने मी गुदमरलो आणि मोडक्या खाटांबरोबर कोठारात पडलो. एका कोंबडीने माझ्यावर अंडीही घातली. डॉक्टर परतल्या तेव्हा त्यांचे केस पिकले होते. त्यांनी माझी जाळी धुऊन उन्हात वाळवली आणि बटण दाबले. मी घुरघुरलो. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

परवा एक तरुण आई मला पाहून अशीच मागे सरली. डॉक्टर खाली बसणार, तोच दवाखान्याच्या फाटकापाशी शेंगदाणे विकणारी तियेसे आत आली आणि तिने नळी स्वतःच्या नाकात घातली.

“बस गं पोरी. मीही नकोच म्हणाले होते. खिडकीतून बघ, मक्याचं पोतं डोक्यावर घेऊन चाललीय ना, तीच ती माझी लुसुंगू.”

त्या आईने बराच वेळ खिडकीबाहेर पाहिले. मग बाळाला माझ्याजवळ आणले.

मित्रांनो, माझी जाळी धूत जा. आणि मला शेवटी बोलावू नका.