घमेल्यातलं विष

बाबाने गंजक्या घमेल्यात मासा सोडला, वरून भुकटी टाकली, आणि पाणी बघता बघता शाईसारखं काळं झालं. तांड्यावरच्या साऱ्या माणसांनी हात जोडले.

"निघालं मासळीतलं शिसं," बाबा गरजला. "आता बेधडक खा. ही वनस्पती मला सपनात घावली. तिचं नाव सांगितलं की गुण जातो."

नाव सांगितलं की गुण जातो म्हणे! लबाडाला याहून सोयीचा नियम कुठला?

हे २००३ सालचं. तांड्याजवळच्या तळ्याकाठी एकाने जुन्या बॅटऱ्या फोडायचं शेड घातलं होतं आणि त्याचं पाणी सरळ तळ्यात जात होतं. तांड्यावरच्या रूपाबाईच्या लेकीचं, शितलचं पोट सारखं दुखायचं, हिरड्यांवर निळसर रेघ उमटली होती. हिंगोलीच्या डॉक्टरांनी बजावलं होतं की तळ्यातली मासळी बंद करा आणि पोरीला भरती करा. तेवढ्यात हा बाबा उगवला. त्याचं जेवण शेडमालकाच्या घरून येत होतं, पण ते कुणाला खटकलं नाही.

मी तांड्यावरच्या शाळेत शिकवते. रूपाबाईकडे गेले तर शितल खाटेवर आडवी आणि शेजारी ताटलीत त्याच तळ्यातली मासळी. माझं डोकं फिरलं.

"दवाखान्यात का नेलं नाही?"

"कालिंदीबाई, भुकटीनं इख निघून राहिलं ना. म्या डोळ्यानं पाह्यलं."

मी रूपाबाईला घेऊन तशीच बाबासमोर गेले. रात्रभर पाणी भरून ठेवलेलं दुसरं गंजकं घमेलं तिथे तयार होतं. म्हटलं, "यात भुकटी टाका. मासा नको."

"मासळीबिगर औषध टाकणं पाप हाय."

"ते पाप माझ्या माथी." मी पुडी उचलून घमेल्यात उपडी केली. पाणी काळं झालं.

"मासा कुठंय, बाबा? हे विष कुणाचं निघालं?"

"तुझ्या मनातलं," बाबा म्हणाला.

मग मी प्लास्टिकच्या बादलीत ताजं पाणी, तळ्यातला मासा आणि दुसऱ्या पुडीतली तीच भुकटी घातली. पाणी नुसतं पिवळट गढूळ झालं. रूपाबाईने चिमूटभर भुकटी जिभेवर ठेवली.

"ह्यो तर हिरडा. केस काळे कराया आमी लोखंडी कढईत भिजू घालतो. त्यो बी असाच काळा व्हतो, बाई."

घरोघरच्या कढईत हाच चमत्कार होत होता आणि कढईला कुणी नमस्कार केला नव्हता. हिरड्याचा तुरट रस लोखंडाच्या गंजाला लागला की काळा रंग तयार होतो, मासा असो वा नसो. शिसं माशाच्या अंगातच राहतं आणि तिथून लेकराच्या पोटात जातं.

बाबाने बोचकं उचललं. तांड्याचा नाईक थावरा त्याच्या आडवा उभा राहिला. रूपाबाईने तिकडे पाहिलंही नाही. "आत्ता गाडी भेटंल का?" एवढंच ती म्हणाली.

शितल वाचली. पण शिसं तिच्या मेंदूला बाधलं; तोंडपाठ असलेले पाढे तिला पुन्हा आठवले नाहीत, आणि याचा संताप मला आजही आवरत नाही. झाडपाल्याशी माझं वैर नाही. उद्या एखाद्या पाल्याने माशातलं शिसं खरंच कमी होईलही, पण ते मासा प्रयोगशाळेत तपासून सिद्ध करावं लागेल. तोवर तळ्यात विष सोडणाऱ्याला जाब विचारा. आणि कुणी चमत्कार दाखवला, तर हात जोडण्याआधी मासा बाजूला काढून तोच चमत्कार पुन्हा करायला लावा.