स्पर्नच्या वाळूवर चार तास

नवरा एझरा गेल्यापासून तमार एका जागी बसली नव्हती. चार महिन्यांत तिने ईवाला, आपल्या मुलीला, तीन दीपगृहं आणि दोन पक्षी-अभयारण्यं फिरवून आणली होती. दर पंधरा दिवसांनी लंडनहून ट्रेन पकडून ती लीड्सला ईवाकडे यायची आणि दारातच विचारायची, "उद्या कुठे?" आठवडाभर हॉस्पिटलात एक्स-रे काढून थकलेली ईवा मुकाट्याने गाडीची किल्ली घ्यायची.

जूनच्या त्या रविवारी दोघी स्पर्नला गेल्या. हंबर नदीच्या मुखाशी वाळूची एक लांबलचक पट्टी समुद्रात शिरली आहे. मध्ये ती इतकी चिंचोळी आणि सखल आहे, की मोठ्या भरतीला पाणी वरून जातं आणि पुढचा भाग बेट होतो. वाटेवर बोर्ड होता : आज साडेचार ते साडेआठ ओलांडू नका.

दीपगृहाचा जिना तमार चौऱ्याहत्तराव्या वर्षी न थांबता चढली. वर जेमतेम दोन मिनिटं टेकली. उतरल्यावर सील प्राणी बघायचे होते, मग टोकावरची जुनी लाइफबोटीची जेटी. ईवा सारखी घड्याळ बघत होती.

"आई, साडेतीन वाजले. आता मागे जाऊ."

"एवढं टोक बघू या. परत कधी येणार?"

ईवाने ऐकलं. तिथेच चुकलं. दोघी चिंचोळ्या जागी परत पोहोचल्या तेव्हा पावणेपाच झाले होते आणि वाळूवरून पाणी वाहत होतं.

"पाणी आली," ईवा म्हणाली. लंडनमध्ये वाढलेल्या तिचं मराठी घाईत असं अडखळायचं. "आता थांबायला लागेल."

"चार तास? इथे?" तमारने सपाता सावरल्या आणि सरळ पाण्यात पाय टाकला. "घोट्याएवढंच तर आहे."

चार पावलांत ते गुडघ्यापर्यंत आलं. पुढची लाट आडवी आली आणि तमार कलंडली. ईवाने धावत जाऊन तिचा दंड धरला, ओढत मागे आणलं आणि आयुष्यात पहिल्यांदा तिच्यावर ओरडली.

"मरायचं आहे का तुला? बसता येत नाही का कुठेच?"

"नाही येत!" तमारही ओरडली. मग वाळूवर बसली.

ईवाने तिच्या ओल्या सपाता आणि मोजे काढले, आपलं जॅकेट पायांना गुंडाळलं. डोक्यावर सुरय पक्षी किंचाळत घिरट्या घालत होते. त्यांच्याकडे बघत तमार बोलली.

"मी भाकऱ्या करत होते. वर धप्पकन आवाज झाला. वाटलं, शेजारच्यांकडे असेल. उरलेल्या दोन भाकऱ्या भाजल्या, तवा उतरवला, आणि मग तुझ्या बाबांना जेवायला हाक मारली. वर गेले तर ते जमिनीवर पडले होते."

ईवाने जॅकेट तिच्या पायांभोवती आणखी घट्ट केलं.

"घरात बसले की तो आवाज येतो. तू हॉस्पिटलात असतेस. सांग ना, मी लगेच वर गेले असते तर ते वाचले असते?"

'नाही' म्हणणं सोपं होतं. ईवाच्या ओठांवर आलंही.

"मला माहीत नाही, आई," ती म्हणाली. "खरंच माहीत नाही."

तमारने मान हलवली. तिला हुंदका फुटला आणि बराच वेळ थांबला नाही. ईवा तिला धरून बसली. मध्येच तमार उठायची, पाण्यापर्यंत जाऊन बघायची, परत यायची. ईवा प्रत्येक वेळी सोबत उठली.

साडेआठनंतर ओली वाळू उघडी पडली. अजून चांगला उजेड होता. गाडीत बसल्यावर तमार म्हणाली, "उद्या मला घरी सोड. दोन दिवस राहशील?"

"राहीन."

लंडनच्या घरी पहिला दिवस तमार या खोलीतून त्या खोलीत फिरत राहिली. दुसऱ्या दिवशी दुपारी तिला सोफ्यावर झोप लागली. ईवाने पडदे ओढले आणि ती जागी होईपर्यंत जिन्याच्या पायरीवर बसून राहिली.